‘शाफन’ : वर्तमान एक, भूतकाळ दोन

जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी ३१ ऑगस्ट २०१५ रोजी बर्लिन येथील पत्रकार परिषदेत तीन शब्दांचे एक वाक्य उच्चारले : ‘वीर शाफन दास’. सीरिया, इराक, अफगाणिस्तान येथून निघालेले निर्वासितांचे जथे युरोपच्या दिशेने सरकत असतानाचा तो काळ होता. ‘आपल्याला हे जमेल’, ‘आपण हे निभावून नेऊ’, ‘आपण हे तडीस नेऊ’ अशी या वाक्याची मराठी रूपे करता येतील. पुढील दहा वर्षांत या तीन शब्दांवर जर्मनीत जेवढी चर्चा झाली, तेवढी क्वचितच एखाद्या वाक्यावर झाली असेल.

या वाक्याचा कणा असलेले ‘शाफन’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. जर्मन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला ते पहिल्या काही महिन्यांतच भेटते आणि बरीच वर्षे छळत राहते. ‘निर्माण करणे’ हा त्याचा एक अर्थ. ‘जमणे, पार पाडणे’ हा दुसरा. वर्तमानकाळात या दोन्ही अर्थांची रूपे अगदी एकसारखी असतात. वाक्य भूतकाळात गेले, की मात्र या क्रियापदाला दोन फाटे फुटतात आणि बोलणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे त्याच्या एका स्वरावरून ठरते. वर्तमानकाळात झाकून राहिलेला अर्थ भूतकाळाने उघड करावा, असा हा प्रकार आहे.

एक धातू, दोन वाटा

‘मी निर्माण करतो’ आणि ‘मला जमते’ या दोहोंसाठी जर्मन माणूस ‘इश शाफं’ असेच म्हणतो. ‘आम्ही निर्माण करतो’ आणि ‘आम्हाला जमते’ या दोहोंसाठी ‘वीर शाफन’. येथपर्यंत अडचण नाही. संदर्भावरून अर्थ कळतो.

भूतकाळात मात्र ‘त्याने निर्माण केले’ याला ‘एर शूफ’ म्हणतात, तर ‘त्याला जमले’ याला ‘एर शाफ्टे’. साहाय्यक क्रियापदासह येणाऱ्या दुसऱ्या भूतकाळातही हीच फारकत दिसते. ‘एर हाट गेशाफन’ म्हणजे त्याने निर्माण केले आणि ‘एर हाट गेशाफ्ट’ म्हणजे त्याला जमले, त्याने पार पाडले. पहिल्या जोडीत मुळातील ‘आ’ जाऊन ‘ऊ’ येतो आणि धातुसाधिताच्या शेवटी ‘न’ लागतो. दुसऱ्या जोडीत मूळ स्वर हलत नाही. शेवटी केवळ ‘ट’चा प्रत्यय चिकटतो.

फरक एका अक्षराचा. परंतु अर्थाचे अंतर मोठे आहे. ‘झी हाट दी प्र्यूफुंग गेशाफ्ट’ म्हणजे ती परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वाक्यात घाईने ‘गेशाफन’ म्हटले, तर तिने ती परीक्षा जगात प्रथमच निर्माण केली, असा अर्थ होतो. उलट, सरकारने नव्या नोकऱ्या निर्माण केल्या हे सांगताना ‘गेशाफन’च हवे. तेथे ‘गेशाफ्ट’ म्हटल्यास नोकऱ्या कशाबशा उरकून टाकल्या, असे काहीसे ऐकणाऱ्याच्या कानावर पडते. चूक कळते, समोरचा हसतो आणि संभाषण पुढे जाते. परंतु बोलणारा परका आहे, याची नोंद तेवढ्यात होऊन जाते.

सबल आणि दुर्बल

जर्मन व्याकरणात क्रियापदांचे दोन मोठे वर्ग मानले जातात : सबल आणि दुर्बल. ही नावे याकोब ग्रिम यांनी रूढ केली. परीकथांचे संग्राहक म्हणून जगाला ठाऊक असलेल्या ग्रिम बंधूंपैकी हे थोरले. त्यांच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जे क्रियापद भूतकाळ दाखविण्यासाठी बाहेरून प्रत्यय उसना घेत नाही, आपल्या पोटातील स्वरच बदलून दाखवते, ते सबल. ज्याला ‘ट’ या प्रत्ययाचा आधार घ्यावा लागतो, ते दुर्बल.

‘गाणे’ या अर्थाचे ‘झिंगन’ हे क्रियापद सबल आहे. त्याची रूपे झिंगन, झांग, गेझुंगन अशी होतात. इंग्रजीतील सिंग, सँग, संग ही त्याचीच चुलत भावंडे. ‘शिकणे’ या अर्थाचे ‘लेर्नन’ दुर्बल आहे. त्याची रूपे लेर्नन, लेर्नटे, गेलेर्न्ट. नव्याने भाषेत येणारी क्रियापदे जवळजवळ सर्वच दुर्बल वर्गात जातात. सबल क्रियापदांची संख्या शतकानुशतके घटत आली आहे. जी टिकली आहेत, ती मात्र रोजच्या वापरातील आहेत : खाणे, पिणे, जाणे, येणे, देणे, घेणे. त्यामुळे त्यांची रूपे पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते.

मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच अनोळखी वाटू नये. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’, ‘मरणे’ आणि ‘मारणे’, ‘तरणे’ आणि ‘तारणे’ या जोड्यांत आपणही स्वर लांबवून अर्थ बदलतो. भिंत पडली आणि भिंत पाडली, यांत जबाबदारी कोणाची हे एका कान्यावरून ठरते. संस्कृत व्याकरणातील गुण-वृद्धी आणि जर्मनमधील स्वरबदल यांचे मूळ एकाच भारत-युरोपीय भाषापरंपरेत असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. फरक एवढाच, की मराठीत ‘पडतो’ आणि ‘पाडतो’ हा भेद वर्तमानकाळातही स्पष्ट राहतो. ‘शाफन’ मात्र आपला भेद भूतकाळापर्यंत राखून ठेवते.

दोन शब्दांचा संगम

एकाच क्रियापदाला दोन भूतकाळ कसे मिळाले, याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या जर्मन भाषेत हे मुळात दोन निरनिराळे शब्द होते. एक सबल क्रियापद होते. त्याचा अर्थ घडविणे, आकार देणे, निर्माण करणे असा. दुसरे त्याच मुळापासून निघालेले दुर्बल क्रियापद. त्याचा रोख काम करणे, घडवून आणणे, व्यवस्था लावणे याकडे होता. कालांतराने त्यांची वर्तमानकाळातील रूपे घासली जाऊन एकमेकांत मिसळली. भूतकाळातील रूपे मात्र वेगळी राहिली. दोन नद्यांचा संगम झाल्यावरही काही अंतरापर्यंत दोन्हींचे पाणी वेगळे ओळखू यावे, तसे हे आहे.

या मुळाचा विस्तार मोठा आहे. इंग्रजीतील ‘शेप’ म्हणजे आकार हा शब्द याच कुळातला. जर्मनमधील ‘फ्रॉइंडशाफ्ट’ म्हणजे मैत्री, ‘लांडशाफ्ट’ म्हणजे भूप्रदेश, यांतील ‘शाफ्ट’ हा प्रत्यय आणि इंग्रजीतील ‘फ्रेंडशिप’मधील ‘शिप’ हेही तेथूनच आले. व्यवसाय किंवा दुकान या अर्थाचा ‘गेशेफ्ट’ हा शब्द ‘शाफन’पासूनच बनला आहे. निर्माता या अर्थी ‘श्योप्फर’ आणि सृष्टी या अर्थी ‘श्योप्फुंग’ हे शब्दही याच परिवारातील. संगीतकार योजेफ हायडन यांची १७९८ मध्ये व्हिएन्नात सादर झालेली सृष्टिनिर्मितीवरील प्रसिद्ध रचना ‘दी श्योप्फुंग’ याच नावाने ओळखली जाते.

निर्मितीचा अर्थ असलेल्या सबल रूपाला जी प्रतिष्ठा लाभली आहे, तिच्यामागे धर्मग्रंथाचाही हात आहे. मार्टिन ल्यूथर यांनी जर्मन भाषेत आणलेले संपूर्ण बायबल १५३४ मध्ये छापले गेले. त्यातील सृष्टीच्या उत्पत्तीचे वर्णन करणाऱ्या पहिल्याच वाक्यातील क्रियापद ‘शूफ’ हे आहे. परमेश्वराने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, ती ‘शूफ’ या रूपाने. तेव्हापासून शिल्पकाराने मूर्ती घडवली, संगीतकाराने रचना केली, लेखकाने पात्र उभे केले, अशा वाक्यांत हेच रूप शोभून दिसते. त्याला थोडा भारदस्तपणा आहे. मराठीत ‘बनवले’ आणि ‘निर्मिले’ यांत जो फरक जाणवतो, तसाच काहीसा.

‘गेशाफ्ट’ किती प्रकारचे?

दुर्बल रूप मात्र रोजच्या जगण्यातले. त्याचा पहिला आणि सर्वाधिक वापरात असलेला अर्थ म्हणजे अवघड गोष्ट पार पाडणे. परीक्षेत उत्तीर्ण होणे, दिवसभराची कामे संपवणे, सुटता सुटता आगगाडी पकडणे, या सर्वांना ‘गेशाफ्ट’ चालते. दोन तास घाम गाळून कपाट चौथ्या मजल्यावर चढवले, की जर्मन माणूस नुसते ‘गेशाफ्ट!’ असे म्हणून सुस्कारा सोडतो. मराठीत आपण ‘झाले एकदाचे!’ म्हणतो, तो हाच उद्गार.

मराठीतील ‘जमणे’ या क्रियापदाशी याची तुलना करताना एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा लागतो. मराठीत ‘मला जमले’ असे म्हणतात. म्हणजे काम आपल्या बाबतीत जुळून येते, करणारा चतुर्थीत मागे उभा राहतो. जर्मनमध्ये करणारा प्रथमेत, वाक्याच्या अग्रभागी असतो. ‘इश हाबं एस गेशाफ्ट’ या वाक्यात यशाचे श्रेय आणि श्रम दोन्ही ‘मी’कडे जातात. त्यामुळे ‘तडीस नेले’ किंवा ‘करून दाखवले’ हे मराठी पर्याय काही वेळा अधिक जवळचे ठरतात.

दुसरा अर्थ एखाद्या वस्तूला किंवा व्यक्तीला प्रयासाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे. जखमीला रुग्णालयात हलवले, सामान तळघरात नेले, हे सांगताना ‘गेशाफ्ट’ वापरतात. आपल्या ‘तडीस नेणे’ या प्रयोगातही काम पार पाडण्याची कल्पना पलीकडच्या तीराला नेण्याच्या क्रियेतूनच आली आहे, हे येथे आठवावे.

तिसरा अर्थ थकवणे. ‘इश बिन गेशाफ्ट’ म्हणजे मी पुरता दमलो आहे. ‘हाबं’ऐवजी ‘बिन’ आले, एवढ्याने कर्तबगारी संपून थकवा सुरू होतो. येथे रुग्णसेवेत काम करणाऱ्यांनी विशेष सावध राहावे लागते. रुग्णाला खाटेवर हलवले असे सांगताना ‘खाटेवर’ हा स्थळवाचक भाग गाळला आणि केवळ ‘रुग्णाला गेशाफ्ट’ एवढेच म्हटले, तर रुग्णाला दमवून टाकले, असा अर्थ होऊ शकतो.

चौथा अर्थ निव्वळ काम करणे, कष्ट करणे. हा अर्थ प्रामुख्याने दक्षिण जर्मनीत, त्यातही श्वाबेन प्रदेशात प्रचलित आहे. प्रमाण जर्मनमध्ये काम करण्याला ‘आर्बाइटन’ म्हणतात. श्वाबी माणूस ‘शाफन’ म्हणतो. या चारही अर्थांमध्ये भूतकाळ दुर्बळच राहतो.

उपसर्गांची करामत

‘शाफन’च्या मागे उपसर्ग जोडले, की आणखी एक दालन उघडते. ‘आन’ जोडून झालेल्या ‘आनशाफन’चा अर्थ विकत घेणे, ‘बेशाफन’ म्हणजे मिळवून आणणे, ‘फेरशाफन’ म्हणजे मिळवून देणे आणि ‘आबशाफन’ म्हणजे रद्द करणे, मोडीत काढणे. ही सर्व दुर्बल आहेत. मोटार ‘आनगेशाफ्ट’ म्हणजे घरात आली. ‘आबगेशाफ्ट’ म्हणजे काढून टाकली. याउलट ‘एर’ हा उपसर्ग लागून झालेले ‘एरशाफन’ हे क्रियापद सबल आहे. शून्यातून निर्माण करणे हा त्याचा अर्थ आणि ‘एरशूफ’ हा त्याचा भूतकाळ. निर्मितीचा अर्थ आला, की स्वर बदलतो. व्यवहाराचा अर्थ आला, की ‘ट’ लागतो, हे सूत्र येथेही टिकून आहे.

यातील ‘आबगेशाफ्ट’ हा शब्द जर्मन राज्यघटनेत एका अत्यंत महत्त्वाच्या जागी आला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये अमलात आलेल्या घटनेचे १०२ वे कलम मृत्युदंड रद्द झाल्याचे सांगते. मूळ जर्मनमध्ये हे संपूर्ण कलम अवघ्या चार शब्दांचे आहे आणि त्याचा शेवट ‘आबगेशाफ्ट’ या भूतकालवाचक धातुसाधिताने होतो. ‘रद्द करण्यात येईल’ असे आश्वासन त्यात नाही. गोष्ट झालेली आहे, संपलेली आहे, असे ते कलम सांगते. नाझी राजवटीत न्यायालयांनी हजारो माणसांना फासावर आणि गिलोटिनखाली धाडले होते. त्या पार्श्वभूमीवर या धातुसाधिताचे वजन ध्यानात येते.

बोलण्यातला आणि लिहिण्यातला भूतकाळ

जर्मनमध्ये घडून गेलेली गोष्ट सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘शूफ’ किंवा ‘शाफ्टे’ यांसारखे एकशब्दी रूप म्हणजे प्रेटेरिटुम. ‘हाट गेशाफन’ किंवा ‘हाट गेशाफ्ट’ यांसारखे साहाय्यक क्रियापदासह येणारे रूप म्हणजे पर्फेक्ट. मराठीतील ‘केले’ आणि ‘केले आहे’ यांची ही जोडी वाटेल. परंतु तसे समीकरण मांडणे फसवे ठरते. जर्मनमध्ये या दोन रूपांतील भेद बहुतेक वेळा काळाचा नसून प्रसंगाचा असतो. कादंबरी, इतिहास, वृत्तपत्रीय वार्तांकन यांत प्रेटेरिटुम. घरी, बाजारात, कार्यालयात, दूरध्वनीवर पर्फेक्ट. कालची गोष्ट असो वा दहा वर्षांपूर्वीची, बोलताना पर्फेक्टच अधिक नैसर्गिक वाटतो.

दक्षिणेकडे, म्हणजे बव्हेरिया, श्वाबेन, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील बोलींतून प्रेटेरिटुम जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्यामुळे ‘शूफ’ हे रूप तेथे कानांपेक्षा डोळ्यांना अधिक भेटते. पुस्तकातून जर्मन शिकलेला परदेशी विद्यार्थी बाजारात जाऊन प्रेटेरिटुममध्ये बोलू लागला, तर भाजीवाल्याशी ग्रांथिक मराठीत बोलणाऱ्यासारखी त्याची अवस्था होते. बोललेले चुकीचे नसते. पण त्या जागेचे नसते.

जेथे दोन्ही चालतात

इतके स्पष्ट सूत्र असूनही भाषेने एक चोरवाट ठेवली आहे. ‘जागा करणे’, ‘सुव्यवस्था आणणे’, ‘उपाय योजणे’ अशा प्रयोगांत ‘शाफन’चा अर्थ निर्मिती आणि कार्यपूर्ती यांच्या सीमेवर उभा असतो. मोकळी जागा निर्माण झाली म्हणावे, की साधली म्हणावे? अशा ठिकाणी जर्मन शब्दकोश सबल रूपाला पसंती देतात. परंतु दुर्बल रूपही कमी प्रमाणात आढळते आणि ते चुकीचे मानले जात नाही. अर्थाची सीमा जेथे धूसर, तेथे व्याकरणाची सीमाही धूसर, असा हा न्याय आहे.

‘शाफन’ या बाबतीत एकटे नाही. ‘वीगन’ या क्रियापदाचा भूतकाळ ‘वोग’ केला, तर वजन केले किंवा वजन भरले. ‘वीगटे’ केला, तर बाळाला जोजवले. ‘बेवेगन’चा ‘बेवेगटे’ म्हणजे हलवले किंवा मनाला स्पर्श केला. ‘बेवोग’ म्हणजे एखाद्या कृतीस प्रवृत्त केले. ‘श्लायफन’चा ‘श्लिफ’ म्हणजे धार लावली. ‘श्लायफ्टे’ म्हणजे फरफटत नेले. ‘हेंगन’चा ‘हिंग’ म्हणजे चित्र भिंतीवर टांगलेले होते. ‘हेंगटे’ म्हणजे कोणीतरी ते टांगले. यांपैकी शेवटची जोडी मराठी माणसाला सर्वांत सोपी जाते. कारण अकर्मक आणि सकर्मक यांतील भेद त्याच्या कानांत मुरलेला असतो. ‘शाफन’च्या दोन्ही वाटा मात्र सकर्मक असू शकतात. तेथे कर्माकडे पाहून निर्णय होत नाही. अर्थाकडेच पाहावे लागते.

एका वाक्याचा हिशेब

आता मर्केल यांच्या वाक्याकडे पुन्हा पाहता येईल. ते गाजले तीन शब्दांत. परंतु उच्चारले गेले तेव्हा त्याच्या आधी आणखी एक भाग होता : ‘वीर हाबन झो फीलेस गेशाफ्ट’, म्हणजे आपण इतके काही निभावून नेले आहे. त्यानंतर ‘वीर शाफन दास’. प्रथम भूतकाळ आणि मग त्याच्या आधारावर वर्तमानकाळात दिलेला भविष्याचा शब्द, अशी त्या विधानाची मांडणी होती. आधी ‘गेशाफ्ट’ येऊन गेल्याने पुढचे ‘शाफन’ निर्मितीचे नसून निभावण्याचे आहे, याविषयी संदिग्धता उरली नव्हती. पुढे लोकांच्या स्मरणात राहिला तो उत्तरार्ध. त्याला आधार देणारा भूतकाळ गळून पडला.

त्या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रयासाठी जर्मनीत आले. स्वागताला फुले घेऊन उभे राहिलेले नागरिक होते, तसेच निर्वासितांच्या निवाऱ्यांना आगी लावणारेही होते. वर्षभरानंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये खुद्द मर्केल यांनी या वाक्याविषयी बोलताना, त्याचे आता एक साधे घोषवाक्य, जवळजवळ पोकळ सूत्र झाल्याची खंत व्यक्त केली. स्थलांतरविरोधी भूमिका घेणाऱ्या ‘आल्टर्नाटिव्ह फ्युर डॉइचलांड’ या पक्षाने २०१७ च्या निवडणुकीत १२.६ टक्के मते घेऊन प्रथमच संसदेत प्रवेश केला. २०२५ मध्ये त्याची मते २०.८ टक्क्यांवर गेली.

वाक्य वर्तमानकाळात होते, तोवर ते आश्वासन होते. काळ लोटला, तसा त्याच क्रियापदाचा भूतकाळ प्रश्न बनून उभा राहिला : ‘हाबन वीर एस गेशाफ्ट?’ आपल्याला ते जमले का? जुलै २०२५ मध्ये चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्त्स यांनी पत्रकार परिषदेत, मर्केल यांना अभिप्रेत असलेल्या क्षेत्रात ते उघडच जमलेले नाही, असे म्हटले. त्यांनीही ‘गेशाफ्ट’ हेच धातुसाधित वापरले. फक्त त्याआधी नकार जोडला. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार, २०१५ मध्ये आलेल्या आश्रयार्थींपैकी सुमारे ६४ टक्के लोक २०२४ मध्ये नोकरीत होते. एकूण लोकसंख्येतील प्रमाण सुमारे ७० टक्के होते. निर्वासित स्त्रियांच्या रोजगाराचे प्रमाण मात्र पुरुषांच्या मानाने बरेच कमी राहिले. या आकड्यांकडे बोट दाखवून एक बाजू ‘गेशाफ्ट’ म्हणते. शाळा, घरे आणि सुरक्षितता यांवरील ताणाकडे बोट दाखवून दुसरी बाजू ‘निश्ट गेशाफ्ट’ म्हणते.

या वादात क्रियापदाची दुसरी वाट फारशी कोणी धरत नाही. ‘आपण निभावले का?’ हा ‘गेशाफ्ट’चा प्रश्न आहे, ‘आपण काय घडवले?’ हा ‘गेशाफन’चा. पहिल्या प्रश्नात आलेला माणूस हे पार करावयाचे संकट असते आणि उत्तर होय किंवा नाही एवढ्यावर संपते. दुसऱ्यात तो घडत असलेल्या समाजाचा भाग असतो आणि उत्तराला वर्णनाची गरज पडते. एकाच धातूच्या दोन भूतकाळांनी एकाच दशकाचे दोन निराळे हिशेब मांडता येतात. कोणता भूतकाळ निवडायचा, हे येथे व्याकरण ठरवत नाही. बोलणाऱ्याची दृष्टी ठरवते.

पुण्याहून श्टुटगार्टला

महाराष्ट्रातील अनेकांसाठी हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग येथे जर्मन शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. महाराष्ट्र आणि जर्मनीचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी सामंजस्य करार झाला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. परिचारिका, तंत्रज्ञ, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुण-तरुणींसाठी जर्मन भाषेचे प्रमाणपत्र हा त्या वाटेवरील पहिला उंबरठा आहे. परिचारिकांना व्यवसायाची मान्यता मिळवण्यासाठी साधारणतः ‘बी २’ ही पातळी गाठावी लागते.

बाडेन-व्युर्टेम्बर्ग हाच श्वाबी लोकांचा मुलूख. तेथे उतरलेल्या मराठी परिचारिकेला सहकाऱ्याने ‘आज गेशाफ्ट का?’ असे विचारले, तर तिची परीक्षा उत्तीर्ण झाली का, अशी चौकशी तो करत नसतो. आज कामावर होतीस का, एवढेच त्याला विचारायचे असते. कष्ट करून, काटकसर करून स्वतःचे घर उभारणे हा श्वाबी माणसाचा स्वभाव म्हणून जर्मनीभर विनोदाचा आणि आदराचाही विषय आहे. त्याच्या तोंडी ‘शाफन’ हा शब्द अभिमानाने येतो. पाठ्यपुस्तकात हा अर्थ बहुधा एखाद्या तळटीपेत सापडतो. कामाच्या ठिकाणी मात्र तो पहिल्याच दिवशी कानांवर पडतो.

शिकणाऱ्यांना यातून एक साधी कसोटी हाती घेता येईल. पूर्वी नव्हते असे काही अस्तित्वात आले असेल, तर ‘शूफ’ आणि ‘गेशाफन’. आधीच समोर असलेले काम उरकले, ओझे हलवले, परीक्षा पार केली किंवा दिवसभर राबणे झाले, तर ‘शाफ्टे’ आणि ‘गेशाफ्ट’. बोलताना पर्फेक्ट, लिहिताना प्रेटेरिटुम. उरलेल्या सीमारेषेवरील जागा ऐकता ऐकता कानांत बसतात. एक प्रयोग मात्र जाता जाता लक्षात ठेवण्यासारखा आहे. एखाद्या कामासाठी जन्माला आल्यासारखी जी व्यक्ती असते, तिच्याविषयी जर्मन लोक ‘त्या कामासाठी वी गेशाफन’, म्हणजे जणू त्यासाठीच घडवलेली, असे म्हणतात. परक्या रुग्णालयात, परक्या भाषेत रात्रपाळी निभावून ‘गेशाफ्ट’ झालेल्या परिचारिकेबद्दल वरिष्ठांनी ‘वी गेशाफन’ म्हटले, तर तो एका स्वराचा फरक तिने कानांत साठवून ठेवावा असाच आहे.